आमच्या घरचा बास्टनासकर

साठ लिंबं वाया गेली. साठ. पातळ सालीची, एक डाग नसलेली, कोयंबेडूच्या बाजारातून आणवलेली आणि मी स्वतः एकेक दाबून निवडलेली. बावन्न वर्षांत माझं खारातलं लोणचं एकदाही बिघडलं नव्हतं, आणि यंदा बरणी उघडून फोड तोंडात घातली तर लिंबू आहे की उकडलेला बटाटा, कळेना. आंबटपणाचा मागमूस नाही. तळाशी बोटभर पांढरा गाळ, कुणी रांगोळी सांडल्यासारखा. तुझी आई म्हणाली, चेन्नईची हवा. तुझा बाप म्हणाला, आई, तुझं वय झालं. हवेला आणि वयाला तोंड नाही, म्हणून सगळं त्यांच्यावर ढकलायचं. त्या लिंबांचं आंबट कुणी खाल्लं ते मला ठाऊक आहे. त्याचं नाव पुढे येईल. गाऱ्हाणं आधी लिहून टाकलं, म्हणजे आता गोड बोलायला मी मोकळी.

प्रिय रेवा,

पत्र संपेपर्यंत मान वर करायची नाही. तुला दोन ओळी वाचून इकडेतिकडे बघायची खोड आहे. मधे कुणी खोकलं, कुणी हाक मारली, तरी वाचत राहायचं. चौथी शिकलेली बाई चार दिवस बसून लिहिते आहे, तर एम.एस्सी. होणाऱ्या बाईने पाव तास बसून वाचायला हरकत नसावी. वही तुझीच आहे, ती बारीक चौकटींची. चौकटीत एकेक अक्षर बसवत गेलं की ओळ वाकडी जात नाही. जोडाक्षराला मी दोन चौकटी देते.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. शिवाय आमच्या घराला भिंती आहेत असं फक्त बिल्डरचं म्हणणं आहे. मी इकडे जांभई दिली तर तिकडे तुझी आई, चारुलता, विचारते, झोप आली का. म्हणून कागद.

इकडचं बरं आहे. पेरुंगुडीचा रस्ता मेट्रोवाल्यांनी पोट फाडून ठेवलाय आणि शिवायला कुणी येत नाही. तुझी आई ऑफिसातून निघून रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत मी कराडला चार घरचं हळदीकुंकू उरकून यायचे. शेजारच्या अलमेलूमामी मजेत आहेत. त्यांची माणसं तंजावरला येऊन तीनशे वर्षं झाली, आणि आली तेव्हाची मराठी त्यांनी तशीच डब्यात घालून ठेवली. त्या बोलायला लागल्या की वाटतं, माझीच कुणी खापरपणजी तमीळ शिकून परत आली आहे. परवा विचारत होत्या, नात दिसत नाही ती? म्हटलं, दगड शोधायला गेलीय. तर म्हणाल्या, दगड काय, इथेही पुष्कळ आहेत. तुझा बापही हेच म्हणतो, पण मामी हसून म्हणतात.

आता ऑगस्टातलं. तू गुजरातेतून आलीस, त्या अंबाडुंगरच्या डोंगरातून, उन्हाने रापलेली, आणि आल्या आल्या आंघोळीआधी पाठीवरच्या पिशवीतून ती पांढरी कापडी थैली काढलीस. मी लिंबं चिरत होते. तू म्हणालीस, आजी, हात पुढे कर. पेरूएवढा दगड हातावर ठेवलास आणि माझं मनगट खाली गेलं. एवढ्याशा जिवाला एवढं वजन मी फक्त तुझ्या आजोबांच्या शब्दाला पाहिलं होतं. रंग मधाचा, पण ताज्या मधाचा नाही, वर्षभर बरणीत राहून तपकिरी पडलेल्या मधाचा. मधेमधे पांढऱ्या शिरा, आणि एका कडेला वांग्याच्या सालीसारखी जांभळी रेघ. चकाकी तुपकट, बोट लावलं की वाटतं बोटाला काहीतरी लागणार, लागत मात्र काही नाही. तू विळीच्या टोकाने त्याच्यावर ओरखडा काढून दाखवलास. मग तोच दगड काचेच्या ग्लासावर घासलास, तर काचेला काही झालं नाही. म्हणजे हाताला जड, दिसायला दांडगा, आणि आतून तसा मऊच. मला तेव्हाच घरातलं एक माणूस आठवलं होतं, पण लिंबू डोळ्यात उडालं आणि ते बोलायचं राहिलं.

नाव विचारलं तर म्हणालीस, बास्टनेसाइट. तीनदा म्हणवून घेतलं. मग सांगितलंस की स्वीडन म्हणून थंड देश आहे, तिथे बास्टनास नावाच्या खाणीत हा पहिल्यांदा सापडला, म्हणून हे नाव. मी म्हटलं, मग सरळ सांग की बास्टनासकर! आपल्यात नाही का, गाव सुटून शंभर वर्षं झाली तरी माणूस चिपळूणकरच. हाही जगभर पांगला, अमेरिकेत गेला, चीनमध्ये गेला, गुजरातेत आला, पण आडनाव गावाचंच ठेवलंन. तू एवढी हसलीस की लिंबांच्या टोपलीत बसलीस. चार लिंबं तिथेच गेली. ती मी साठात धरलेली नाहीत.

पुढे म्हणालीस, पांढरं आहे ते कॅल्साइट, रांगोळीच्या दगडाच्या नात्यातलं, त्याला कुणी विचारत नाही. मधाच्या रंगाचं ते खरं. त्याच्या पोटात लँथनम, सेरियम, निओडिमियम असे धातू आहेत. त्यांना दुर्मीळ म्हणतात, पण तसे ते दुर्मीळ नाहीत. जमिनीत जागोजाग चिमूट चिमूट आहेत, एका ठिकाणी मूठभर सापडत नाहीत एवढंच. म्हटलं, चेन्नईतली आपली माणसं तशीच, गणपतीत एका हॉलमध्ये जमतील तेवढीच. आणि तू म्हणालीस, हे धातू एकदा एकत्र सापडले की सुटे करणं महाकठीण. स्वभाव इतके सारखे, की एकाला ओढायला जावं तर दुसरा चिकटून येतो. शेकडो वेळा तेजाबातून काढावं तेव्हा कुठे वेगळे होतात. तेव्हा मला घरातली दोन माणसं आठवली, आणि तेवढ्यात त्यातलं एक दारात आलं.

तुझ्या बापाचं, काशिनाथचं, तेव्हा काय चाललं होतं ते तुला नीट माहीत नव्हतं. ओरगडमच्या कारखान्यात तो स्कूटरच्या विजेच्या मोटारी बनवतो, एवढं आपल्याला ठाऊक. पण चीनकडून लोहचुंबकं यायची बंद झाली होती आणि त्याच्या विभागाला आठवड्यातून तीन दिवस काम, चार दिवस घरी बस, असं सांगितलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कामाचा माणूस घरी बसला की डब्यांची झाकणं नीट लागलीत का ते बघत फिरतो. त्या आठवड्यात त्याने माझ्या डाळी नावाप्रमाणे लावल्या. मी सहन केलं.

तू आपली गोड बोलायला गेलीस. बाबा, तुमचं लोहचुंबक ज्याच्यावाचून अडलंय तो धातू याच दगडात असतो, बघा तर खरं. चांगलं बोललीस, वेळ चुकलीस. तो म्हणाला, मला नाही बघायचा. घरापासून चालत दहा मिनिटांवरची कंप्युटरची नोकरी सोडून पोरगी उन्हात धोंडे फोडत फिरते, आणि आता धोंडा मलाच शिकवायला बसलाय. तू म्हणालीस, समोरच्याची शिकायची तयारी असेल तर ना. मी मनात म्हटलं, झालं. तो म्हणाला, हा दगड तुला उद्या जेवायला घालणार आहे का? आणि तू म्हणालीस, तुमच्या मोटारी तरी सध्या कुठे घालतायत? हे बोलायला नको होतंस, रेवा. खरं होतं म्हणूनच नको होतं.

ओट्यावरचं पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं त्याने उचललं आणि बाल्कनीतून भिरकावलं. तिसऱ्या मजल्यावरून. तू ओरडली नाहीस, रडली नाहीस. पाठीवरची पिशवी उचललीस, चपला हातातच घेतल्यास आणि एवढंच म्हणालीस, की ज्या घरात माझा वर्षभराचा नमुना राहू शकत नाही तिथे मी कशाला राहू. लिफ्ट नेहमीसारखी यायला तयार नव्हती, त्यामुळे तुला रागात दहा मिनिटं दारासमोर उभं राहावं लागलं. त्याने दार लावलं. लावलं म्हणजे आपटलं. कॅलेंडर पडलं.

खाली काय झालं ते तुला अजून माहीत नसेल, तू तर रागात इकडेतिकडे न बघता सरळ फाटकाबाहेर पडलीस. आपला वॉचमन नारायणस्वामी, त्याची ती निळी प्लास्टिकची खुर्ची. गाठोडं बरोबर तिच्या मधोमध बसलं आणि आरपार गेलं. तो तेवढ्यात चहाला उठला होता. तेव्हापासून तो दिवसातून सहा वेळा चहाला जातो. कुणी रागावलं की भोक दाखवतो.

तू त्या दिवशी सेलमला तुझ्या कॉलेजच्या होस्टेलवर गेलीस ती गेलीस. दिवाळीला आली नाहीस. आईशी बोलतेस, माझ्याशी बोलतेस, बापाचं नाव निघालं की फोनला रेंज नसते. तोही तसाच, तुझा फोन आला की उठून पंख्याचं बटण बघायला जातो. आणि गेल्या पंधरवड्यात तुझ्या आईला मेसेज आला, की जानेवारीपासून दोन वर्षं गुजरातेत प्रकल्पाचं काम मिळालंय आणि तू सेलमहूनच परस्पर जाणार आहेस. चेन्नईला न येता. चारुलताने तो वाचून दाखवला. काशिनाथ म्हणाला, छान. मग ताटातला भात तसाच ठेवून उठला. दोन वर्षं. हे ऐकल्यापासून मला माझ्या लिंबांचंही काही वाटेनासं झालं, यावरून समज.

आता त्याच्या कपाटाचं ऐक. गेल्या महिन्यात मी इस्त्रीचे कपडे ठेवायला गेले. त्याचा लग्नातला कोट आहे ना, जो त्याला होत नाही आणि टाकवत नाही, त्याच्याखाली रुमालात बांधलेलं काहीतरी जड हाताला लागलं. सोडलं तर दगड. मी खाली जाऊन नारायणस्वामीला गाठलं. मला तमीळ शब्द येतात दहा, पण त्यातला कल्लू म्हणजे दगड, तो येतो. त्याने हातवारे करून सगळं सांगितलं. साहेब रोज रविवारी सकाळी खालच्या झाडांच्या वाफ्यात गुडघे टेकून शोधत असत. दहा रविवार. लोकांना सांगायचे, स्कूटरची किल्ली पडली. आपल्याकडे स्कूटर नाही. माणूस वर्षाला हजारो स्कूटरच्या मोटारी बनवतो आणि कारखान्याच्या बसने जातो, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे, पण कुणी काही बोललं नाही. शेवटी नारायणस्वामीलाच दया आली. फडकं फाटून गेलं होतं, आतला दगड त्याने फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकू लावायला घेतला होता. तो उचलून साहेबांना दिला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला म्हणे, प्रसाद घ्यावा तसा.

दगड काळा आहे, रेवा. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, एका अंगाला खपली उडालेली.

तुझा मधाच्या रंगाचा. तेव्हा तुला आत्ता जे कळलं ते मला ऑगस्टापासून माहीत आहे. तो माझा दगड. कराडच्या संगमावर लग्नानंतर पहिल्या वर्षी मी पाण्यातून उचललेला, आणि तेव्हापासून माझ्या लोणच्यांच्या डोक्यावर बसलेला. लिंबं खाराच्या वर तरंगू नयेत म्हणून वरून दडपण लागतं. त्या दिवशी त्यासाठीच तो धुऊन, फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवला होता. शेजारी तुझी पांढरी थैली. तुझ्या बापाने रागात हाताला लागलं ते फेकलं. ती खपली त्यानेच सातव्या वर्षी बदाम फोडताना उडवली होती, आणि त्यावरून माझ्या हातचा मारही खाल्ला होता. तीही त्याला ओळखू येत नाही. तुझा दगड म्हणून माझा दगड कपाटात जपून ठेवलाय, कारण तुझा कसा दिसतो हे त्याला माहीतच नाही. मला नाही बघायचा, म्हणाला होता ना.

याच्यापुढचं तर ऐकच. परवाच्या रविवारी तुझ्या आईचा केकचा वजनकाटा, मापाचं भांडं आणि पाणी घेऊन स्वारी ओट्याशी उभी. तू भांडणात कधीतरी म्हणाली होतीस, की हा दगड त्याच्याएवढ्या पाण्याच्या चौपट भरतो. बाकी सगळं विसरला, तेवढं डोक्यात राहिलं. इंजिनिअर ना. आधी काट्यावर वजन केलं, मग पाण्यात बुडवून पाणी किती चढलं ते पाहिलं, कागदावर भागाकार केला. तिपटीलाही थोडं कमीच भरलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. काट्याचा संशय आला म्हणून साखरेची न फोडलेली पुडी ठेवून पाहिली; काटा बरोबर. मग मोबाइलमधले तसल्या दगडांचे फोटो आणि हातातला दगड असं आळीपाळीने किती तरी वेळ बघत बसला. आणि घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, आई, पोरीला कुणीतरी फसवलंय. हा तो बास्टनेसाइट नाहीच. हा साधा नदीतला धोंडा आहे. हा देऊन तिच्याकडून वर्षभर राबवून घेतलंय, आणि आता गुजरातेत दोन वर्षं नेतायत. तिला कळलं तर काय होईल तिचं? सांगायचं तरी कसं?

नाव मात्र न अडखळता म्हणाला. पाठ केलं असणार. मी तोंडाला पदर लावून देवघरात गेले. त्याला वाटलं मला रडू आलं. पाठोपाठ येऊन मला धीर देऊ लागला.

मग तुझा दगड कुठे गेला? तू हुशार आहेस, तुला कळलंच असेल, पण लिहायला मलाच हवं. लिंबं चिरून, मीठ चोळून बरणीत भरली होती. दडपण तर पाहिजे. माझा दगड खाली गेलेला, तुझा समोर. लहान आणि जड. लोणच्याला हवा तसा. मनात हेही आलं, की काशिनाथचा राग उद्या पुन्हा उसळला तरी बरणीत त्याचा हात जायचा नाही; दादरा बांधला की चाळीस दिवस आमच्याकडे कुणी तिला शिवत नाही. गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला आणि दिला ठेवून. दुसऱ्या दिवसापासून बरणी बोलायला लागली. कान लावला की आत सूं सूं. बारीक बुडबुडे. दादऱ्याचं फडकं पोळीसारखं टम्म फुगायचं. चारुलता म्हणाली, फसफसलंय, टाकून द्या. मी म्हटलं, माझ्या बरणीला हात लावायचा नाही. अलमेलूमामींनी येऊन दृष्ट काढली. बरणीची.

चाळीस दिवस झाले, मला उघडायचा धीर होईना. ऐंशीव्या दिवशी उघडली. लिंबांचं काय झालं ते वर लिहिलं आहेच. तुझ्या बास्टनासकराने साठ लिंबांचं आंबट पिऊन टाकलं होतं, आणि लिंबांनी त्याच्या अंगावरचं पांढरं खाऊन टाकलं होतं. दोघांपैकी कुणीही उपाशी राहिलं नाही. शिरा होत्या तिथे खोल खाचा, आणि त्यातून मधाच्या रंगाचे पातळ पत्रे उभे राहिलेले, तिळाएवढे, काही तांदळाएवढे, काचेसारखे. मला वाटलं, मी तो नासवला. वर्षभराचं काम माझ्या लोणच्याने नासवलं. दोन दिवस जेवले नाही. म्हणजे जेवले, पण वाढून घेतलं नाही.

मग तुझी वर्गातली हरिप्रिया तुझे गरम कपडे न्यायला आली. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, म्हणून मामींना मधे बसवलं आणि दगड पुढे ठेवला. ती किंचाळली. किंचाळीला मामींची गरज पडली नाही. मग बोलत सुटली. प्रयोगशाळेत म्हणे असंच करतात. अगदी पातळ, सौम्य आंबटात दगड महिनोन्महिने ठेवतात, म्हणजे पांढरं हळूहळू विरघळतं आणि मधाळ स्फटिक जागच्या जागी तसेच राहतात. घाईने कडक तेजाब घातलं की सगळ्याचीच वाट लागते. तुमच्या सरांना असे धड, उभे स्फटिक हवे होते आणि एकाही दगडात मिळाले नव्हते. विचारू लागली, आजी, हे केलं कुणी? म्हटलं, लिंबांनी. तुझ्या सरांना सांग, रसाचं प्रमाण मी लिहून देईन, पण लिंबं त्यांनी आणायची. ती म्हणाली, ती लिंबं मात्र कुणी खाऊ नका. मी आधीच एक खाल्लं होतं. जिवंत आहे. उरलेली टाकली. तिला शपथ घातली की रेवाला सांगायचं नाही. शब्दाची पक्की आहे पोरगी, नाहीतर तू एव्हाना ओरडत फोन केला असतास.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. गाठोडं खाली गेल्यावर पाच मिनिटांत मी टोपली सरकवली आणि तुझी थैली मागे तशीच पाहिली. तू तेव्हा लिफ्टसमोर उभी होतीस. नुसती हाक मारली असती तरी पुरे होतं. नाही मारली. मला राग आला होता. माझा बावन्न वर्षांचा दगड गेला आणि तुम्हा दोघांपैकी एकालाही ते दिसलं नाही. म्हटलं, होरपळू देत चार दिवस. पण चार दिवसांनी सांगता आलं असतं, आठ दिवसांनीही. तेव्हा राग नव्हता. तेव्हा तू रोज संध्याकाळी मला फोन करायला लागली होतीस, बापाची गाऱ्हाणी सांगायला. आणि तो रोज जेवून माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसायला लागला होता, तुझी सांगायला. तुझे आजोबा गेल्यावर मी इथे आले त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत माझ्याशी कुणी बसून अर्धा तास बोललं नव्हतं. गोळी घेतली का, टीव्हीचा आवाज कमी करा, दार कुणाला उघडू नका, एवढंच. एकदम दोन माणसं मिळाली. चोरीचा माल होता, पण सोडवेना. हे वाईट केलं मी. दोनदा लिहिणार नाही, एवढ्यात समजून घे.

म्हणून हे पत्र. कुरियरवाले बरणी घेत नाहीत असं मी काशिनाथला सांगितलं. कुरियरवाल्याला मी विचारलेलं नाही. म्हटलं, पोरीला लोणचं नेऊन दे, परदेशी चालल्यासारखी चाललीय. त्याला बहाणाच हवा होता. तासाभरात तिकीट काढलं. त्याला ताकीद दिली आहे, की बरणी आणि पत्र हातात द्यायचं आणि ती वाचून संपवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. म्हणून तर एवढं लांब लिहिलं. आता मान वर कर. उभाच असेल, बस म्हटल्याशिवाय तो कुणाकडे बसत नाही. त्याला खुर्ची दे, पाणी दे. त्याच्या पिशवीत रुमालात काळा दगड आहे, आणि तुला फसवलं गेलंय हे तुझं मन न दुखवता कसं सांगायचं याची त्याने गाडीत पाच तास उजळणी केली आहे. त्याला सांगू दे. मधे तोडू नकोस, हसू तर मुळीच नकोस. त्याचं पुरतं सांगून झालं की बरणी उघड. तिच्यात लोणचं नाही, तुझी थैली आहे, नंबर लिहिलेली, आणि आत तुझा बास्टनासकर, धुऊन पुसून. तो त्याच्या हातावर ठेव. या वेळी तो बघेल.

तुझीच, साठ लिंबं गमावलेली,
आजी

ता. क. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. उत्तर काशिनाथने लिहायचं, तिथेच बसून, तू सांगशील तसं नाही, त्याला सुचेल तसं. आणि ते पोस्टात टाकायचं नाही. जानेवारीच्या आधी तुम्ही दोघांनी मिळून आणून द्यायचं, माझ्या दगडासकट.